उभं गवत

आमच्या सड्यावर वणवा दिसतो फाल्गुनात, पण तो लागतो श्रावणात. पावसाची एखादी झड ओसरते, कातळावरच्या उथळ डबक्यांत आभाळ उतरतं, आणि काळ्या दगडाच्या ज्या चिरेत चिमूटभरही माती नसेल अशी आपली खात्री असते तिथून हिरवी पाती डोकं काढतात. भाद्रपदात सीतेची आसवं, गेंद, तेरडा यांनी सडा असा काही फुलतो की पुण्या-मुंबईहून कॅमेरे घेऊन आलेली माणसं गुडघे टेकून बसतात. त्या फुलांच्या मागे गवत वाढत असतं. त्याचा फोटो कोणी काढत नाही. अश्विनात ते गुडघ्याला लागतं, कार्तिकात कंबरेला. मार्गशीर्षात पिवळं पडतं, पौषात त्याची कुसळं साडीच्या काठाला चिकटून घरात येतात. माघात त्यात हात घातला तर ते कुरकुरतं. वणव्याची सगळी तयारी तेव्हा झालेली असते. यायची राहिलेली असते ती फक्त ठिणगी.

ठिणगीबद्दल आपण फार बोलतो. ‘कोणीतरी बिडी टाकली असणार’ हे आमच्या वाडीतलं ठरलेलं वाक्य. त्या एका बिडीने आजवर इतके डोंगर जाळलेत की तिचा स्वतंत्र पंचनामा व्हायला हवा. बिडी असतेही कधी कधी. कधी वाऱ्यात विजेच्या तारा एकमेकींना घासतात आणि खाली फुलबाजी सुटते. कधी शिकारीला गेलेला कोणी डुक्कर बाहेर काढायला झाडी पेटवतो. कधी बांधावरचा पातेरा जाळायला घेतलेला असतो आणि वारा फिरतो. आणि जाळलेल्या माळावर पुढच्या वर्षी गवत जोमाने येतं, ही समजूत तर इतकी जुनी की ती बोलून दाखवायची गरजही कोणाला वाटत नाही. कागदावर मात्र ‘आगीचे कारण : अज्ञात’ एवढंच येतं. मला स्वतःला ठिणगीत फारसा रस उरलेला नाही. ठिणग्या नेहमीच होत्या. आजोबांच्या काळात घरोघरी बिडी होती, चूल होती, कंदील होता, हातात पेटती चूड घेऊन माणसं रात्रीची वाट चालत होती; तरी डोंगर असे जळत नसत, असं वाडीतली म्हातारी माणसं सांगतात. आणि मला ते पटतं.

कारण गवत उभं राहत नसे. दिवाळी उरकली, भात घरात आलं, की कोयत्यांना धार लागायची आणि अख्खी वाडी सड्यावर जायची. घरटी चार-दोन गुरं, बैलजोडी, एखादी म्हैस. पुढचा पाऊस येईपर्यंत त्यांच्या तोंडात काय घालायचं, हा प्रश्न त्या गवताने सुटायचा. भारे बांधून, डोक्यावर घेऊन, उतारावरून ओळीने माणसं खाली यायची आणि परसात उडव्या उभ्या राहायच्या. राहिलेलं गवत घर शाकारायला. हद्दीवरच्या हातभर पट्ट्यातलं गवत कोणी कापलं यावरून सख्खे भाऊ एकमेकांशी बोलायचे बंद व्हायचे, इतकी त्याला किंमत होती. मग माघ-फाल्गुनात बायका पातेरा गोळा करायला निघायच्या. आंबा, काजू, ऐन, किंजळ यांचा पडलेला पाला मोठमोठ्या टोपल्यांतून गोठ्यात अंथरायला आणि भाताच्या रोपांचा तरवा भाजायला यायचा. सुक्या काटक्या चुलीखाली जायच्या. चैत्र येईस्तोवर झाडांखालची जमीन झाडून घेतल्यासारखी स्वच्छ.

आणि भाजावळ! बाहेरच्या माणसाला वाटतं, ही माणसं जमीन जाळतात म्हणजे आगीशी खेळतात. भाजावळ बघितलेल्याला तसं वाटणार नाही. कवळ तोडून, वाळवून, त्याचे थर तरव्याच्या जागी रचायचे. चहूबाजूंनी कडा खरडून मोकळ्या करायच्या. भरलेल्या घागरी आणि हिरव्या डहाळ्या हाताशी ठेवायच्या. आणि भल्या सकाळी, समुद्रावरचा खारा वारा सुटायच्या आत, वाऱ्याच्या उलट टोकाकडून पेटवायचं. विझेपर्यंत कोणी जागा सोडत नसे. शिमग्याची होळीही तशीच. मोकळं मैदान, सगळा गाव भोवती उभा. आग कशी सांभाळायची हे या गावांना कोणी शिकवायची गरज नव्हती.

या सगळ्याला कोणी ‘पूर्वतयारी’ म्हणत नव्हतं. आपत्ती व्यवस्थापन हा शब्द वाडीत कोणाच्या कानांवर आलेला नव्हता. गुरांच्या पोटासाठी गवत कापलं जात होतं आणि डोंगर वाचत होता. चुलीसाठी पातेरा उचलला जात होता आणि कलमं वाचत होती. एका कामाच्या पोटात दुसरं काम आपसूक होत होतं. असं आपसूक झालेलं काम बंद पडतं तेव्हा ते बंद पडल्याचंही कोणाला कळत नाही.

बैल गेले, पॉवर टिलर आला. शाकारलेली घरं जाऊन कौलं आली, मग पत्रे आले. गॅस आला. आणि मुख्य म्हणजे माणसं गेली, मुंबईला, ठाण्याला, मीही त्यांच्यातलीच. हे लिहिताना उसासा टाकायचा मोह होतो, पण तो खोटा ठरेल. माझ्या काकीने तीसेक वर्षं फुंकणीने चूल फुंकली आणि तिचे डोळे त्या धुराने कायमचे लाल झाले. तिच्या ओट्यावर आता शेगडी आहे आणि ती तिथेच राहावी. डोक्यावर गवताचे भारे वाहून मान मोडून घेण्यातही काही काव्य नव्हतं. फक्त एवढंच की त्या कष्टांतून सुटताना त्यांच्या पोटातलं दुसरं काम कोण करणार, हे आपण विचारलं नाही. सडा आता सात-आठ महिने तसाच उभा असतो.

देवगडकडचे सडे पाहिलेल्यांना या आगीत काय जातं हे सांगायला नको. हापूसची कलमं इथे कातळात लावतात. सुरुंग लावून दगड फोडायचा, खड्डा करायचा, दुसरीकडून आणलेली माती त्यात भरायची, मग कलम. पहिली काही वर्षं पाणी खांद्यावरून घालायचं. आठ-दहा वर्षांनी ते झाड नीट हाताशी येतं. म्हणजे ज्या झाडाखालची मातीसुद्धा माणसाने वाहून आणलेली आहे, त्या झाडाला आग लागते ती नेमकी मोहर जाऊन कैरी धरलेली असताना. काजूचं आणखी वेगळं. त्याच्या पाल्याचा थर पेट घेतो तो थेट बुंध्याशी, आणि बीच्या टरफलात तेल. बाग जळताना येणारा तो तडतड आवाज एकदा ऐकला की काजू भाजल्याचा वास पुढे बरेच दिवस सहन होत नाही.

तरी खरं सांगायचं तर वणवा लांबून सुंदर दिसतो. लहानपणी आम्ही खळ्यात गोधडीवर पडून समोरच्या डोंगरावरची रेघ बघत असू. रात्रीची पालखी निघावी आणि तिच्या मागून मशाली वळणावळणाने चढत जाव्यात, तशी ती रेघ वर वर सरकायची. आम्ही पोरं तिच्यावर पैजा लावत असू. त्या रेघेच्या पलीकडे कोणाची तरी बाग आहे हे कळायला वय वाढावं लागलं. आणि तिथे टिटवीची अंडी आहेत, घोरपडी आहेत, सरपटत सुटणारं पण आगीइतकं वेगाने सुटू न शकणारं पुष्कळ काही आहे हे कळायला आणखी.

वणवा विझवणं ही एक विद्याच आहे, आणि ती ज्यांच्याकडे आहे ती माणसं आता सत्तरीच्या घरात आहेत. आगीच्या वरच्या अंगाला कधी उभं राहायचं नाही, कारण आग उतार चढते तेव्हा माणसापेक्षा जोरात चढते. उभं राहायचं ते जळून गेलेल्या बाजूला, म्हणजे पाठ सुरक्षित. हिरवी डहाळी हातात घेतली की नवखा माणूस ती डोक्यावरून उचलून झोडपतो. तसं केलं की ठिणग्या उडून मागे दुसरी आग लागते. डहाळी आगीवर दाबायची आणि जळालेल्या बाजूकडे ओढायची. दुपारी खारा वारा आगीला पूर्वेकडे रेटतो, पहाटे मतलई तीच आग उलटी समुद्राकडे आणते. मधला जो थोडा वेळ वारा पडतो, तो आपला. हाताबाहेर जातंय असं वाटलं तर पाऊलवाट धरून समोरून उलटी आग लावायची, पण हे ज्याला कळतं त्यानेच. आणि सगळं विझलं, माणसं घरी गेली, की खरं काम सुरू होतं. एखादं वाळकं खोड आतून धुमसत राहतं आणि दुसऱ्या दिवशीच्या वाऱ्याला पुन्हा पेट घेतं. त्याच्यापाशी रात्रभर कोणीतरी बसावं लागतं.

पण कोणीतरी बसायला आधी कोणालातरी कळायला हवं. पूर्वी कळवायची सोय एकच होती, घसा. सड्याच्या टोकावरून कोणी कुकारा दिला की दरीच्या पलीकडल्या वाडीतून त्याला उत्तर यायचं आणि ते पुढच्या वाडीला पोचायचं. त्या कुकाऱ्यात माहिती फार नसायची. आग, आणि कुठल्या अंगाला. पण ज्याला ते ऐकू जाई तो धावून येऊ शकेल इतक्याच अंतरावर असे. आवाजाची पोच आणि पायांची पोच सारखीच होती.

आता आमच्या वाडीचा एक व्हॉट्सॲप ग्रुप आहे. त्यात मुंबई-ठाण्याची माणसं भरपूर, आणि वाडीत राहणारी हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. मागे एकदा भर दुपारी सड्याला आग लागली. काकीच्या शेजाऱ्याने फोटो टाकला, आणि पुढच्या काही मिनिटांत परळ, डोंबिवली, नालासोपारा इथून हात जोडलेल्यांची, रडक्या चेहऱ्यांची रांग लागली. कोणी अग्निशामक दलाचा नंबर मागितला, कोणी ‘प्रशासन झोपलंय का’ असं विचारलं, कोणी तो फोटो पुढे पाठवला आणि तो फिरून त्याच ग्रुपवर परत आला. मी काकीला फोन लावला. तिने उचलला तेव्हा तिला धाप लागलेली होती.

“तुका थयसून धूर दिसता काय गो?” तिने विचारलं आणि फोन ठेवला. ती आणि आणखी तिघंजण, सगळ्यात तरुण साठीचा, डहाळ्या घेऊन वर गेली होती. बातमी कधी नव्हे इतक्या माणसांना, कधी नव्हे इतक्या झटपट कळली होती.

याहूनही वरून बघणारी नजर आहे. डेहराडूनच्या भारतीय वन सर्वेक्षण संस्थेने २००४ पासून उपग्रहांच्या मदतीने वणव्यांच्या सूचना द्यायला सुरुवात केली. सुओमी एनपीपी या उपग्रहावरचं उपकरण जमिनीवरची उष्णता ज्या चौकोनांत मोजतं त्याची बाजू ३७५ मीटरची. म्हणजे एकेक चौकोन सुमारे चौदा हेक्टरांचा. त्यात आग दिसली की अक्षांश-रेखांशांसह संदेश थेट वनरक्षकाच्या मोबाइलवर जातो, आणि नोंदणी केली तर तुमच्या-माझ्याही. ही गोष्ट मला अजूनही अद्भुत वाटते. शेकडो किलोमीटर उंचीवरून जाणाऱ्या एका यंत्राला आमच्या सड्यावरची आग दिसते! पण उपग्रहाला सातबारा दिसत नाही. रत्नागिरी-सिंधुदुर्गात सरकारी जंगल थोडं. बहुतेक डोंगर खासगी मालकीचे. वनखात्याचा आगीचा हंगाम १५ फेब्रुवारी ते १५ जून असा ठरलेला आहे, त्याआधी जाळरेषा काढायच्या असतात, हंगामी मजूर नेमायचे असतात, पाला उडवायचे ब्लोअर दुरुस्त करायचे असतात. १९२६ हा मदतीचा क्रमांक आहे. हे सगळं खात्याच्या जंगलासाठी. आमच्या सड्याच्या उताऱ्यावर मात्र आजोबांच्या पिढीपासूनची सामाईक नावं आहेत, त्यातली निम्मी माणसं हयात नाहीत, आणि हयात आहेत त्यांतली बहुतेक एकमेकांशी बोलत नाहीत. जाळरेषा कोणाच्या नावावर काढायची?

सूचना यंत्रणा म्हटलं की मला कॅलिफोर्नियातल्या पॅराडाइज गावाची आठवण येते. मी ते पाहिलेलं नाही; पण २०१८ सालचा दिवाळी पाडवा मी त्या गावाशिवाय आठवू शकत नाही. ८ नोव्हेंबर. आपल्याकडे ओवाळून झालं होतं, रात्रीचे आठ वाजत आले होते. तिकडे सकाळचे साडेसहा. विजेच्या जवळजवळ शंभर वर्षं जुन्या मनोऱ्यावरचा झिजलेला आकडा तुटला आणि खाली वाळलेल्या गवतात ठिणगी पडली. दरीतून सुटलेल्या वाऱ्याने ती आग दीड-दोन तासांत गावात आणली. पंचाऐंशी माणसं गेली, बहुतेक वयस्कर. अठरा हजारांहून अधिक इमारती जळाल्या. आणि हे गाव बेसावध नव्हतं, हे मला सगळ्यांत जास्त टोचतं. २००८ मध्ये वणव्याने त्यांना एकदा हिसका दिला होता. त्यानंतर त्यांनी गावाचे विभाग पाडले, कुठला विभाग कधी बाहेर काढायचा याचे नकाशे वाटले, मुख्य रस्त्याच्या सगळ्या मार्गिका एकाच दिशेने सोडण्याची रंगीत तालीमसुद्धा केली. आपल्या तालुक्यात असं काही झालं तर वर्तमानपत्रांत कौतुक छापून येईल. पण ती योजना आग एका बाजूने, सावकाश येईल असं धरून केलेली होती, आणि त्या सकाळी सगळे विभाग जवळजवळ एकदमच पेटले. फोनवरचा इशारा फक्त नाव नोंदवलेल्यांना जात होता, आणि पुष्कळांनी नाव नोंदवलेलंच नव्हतं. काही विभागांना गाव सोडायचा हुकूम पोचलाच नाही. पुढे टॉवर जळाले तसे फोनही गेले. पुष्कळ माणसं वाचली ती शेजाऱ्याने दार बडवलं म्हणून.

त्या गावाने पुढे काय केलं हे मी अधूनमधून वाचत असते. तिथे आता खांबांवर भोंगे बसवलेत, सगळ्या गावाला ऐकू जातील असे. इतकी यंत्रं झाल्यावर पुन्हा आवाजच! आणि घर बांधताना भिंतीलगतच्या पाच फुटांत जळण्याजोगं काही ठेवू नका, असं आता त्या राज्यात सांगतात. वाळकी झुडपं नकोत, लाकडाचा भुसा नको, पायपुसणंही नको. वाचून मला आमचं खळं आठवलं. शेणाने सारवलेलं, गवताचं पातंही न उगवू देणारं, घराच्या पुढ्यातलं ते मोकळं अंगण. तिथे आता पेव्हर ब्लॉक बसलेत, तेही एका परीने चांगलेच. पण घराच्या मागच्या भिंतीला उन्हाळाभर पातेरा टेकलेला असतो.

आपल्याकडच्या कायद्याला हे शेजाऱ्यांचं धावून येणं माहीत आहे, बरं का. १९२७ च्या भारतीय वन अधिनियमाच्या ७९ व्या कलमात लिहिलंय की राखीव किंवा संरक्षित जंगलात ज्यांचे काही हक्क आहेत त्यांनी आग लागल्याचं कळताच ती विझवायला लागलंच पाहिजे, सांगितलेलं असो वा नसो. इंग्रजांनी जंगल आपल्या नावावर केलं आणि आग विझवण्याची जबाबदारी मात्र गावाकडे ठेवली. धाकाने माणूस आगीपर्यंत येतो, पण धुमसत्या खोडाशी रात्रभर बसत नाही. म्हणून मला गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यातलं मेंढा-लेखा महत्त्वाचं वाटतं. देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल यांच्यामुळे ते गाव महाराष्ट्राला माहीत आहे. सर्वांचं एकमत होईपर्यंत ग्रामसभेत निर्णय न घेण्याची त्यांची रीतही. वनहक्क कायद्याखाली २००९ साली त्यांना सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला, पण जंगलात आग लावायची नाही आणि लागली तर गावाने जाऊन विझवायची, हे त्यांनी त्याच्या कितीतरी आधी आपसांत ठरवलेलं होतं.

चंद्रपूर जिल्ह्यातलं पाचगाव त्याही पुढे गेलं. २०१२ मध्ये हक्क मिळाल्यावर त्यांनी ठरवलं, तेंदूपत्ता तोडायचाच नाही. ज्याला तो पट्टा माहीत आहे त्याला या निर्णयातली छाती कळेल. तेंदू म्हणजे उन्हाळ्यातला रोख पैसा. पण चांगली कोवळी पानं फुटावीत म्हणून तेंदूची झुडपं छाटली जातात आणि खालून आग लावली जाते. मोहाची फुलं वेचायला सोपी जावीत म्हणून झाडाखालचा पाला पेटवतात, तशीच. पाचगावाने हिशेब मांडला तो बांबूचा. बांबू त्यांचा, तो विकून मिळणारा पैसा त्यांचा, आणि बांबूला आगीइतका दुसरा शत्रू नाही. मग डोंगरावर धूर दिसल्यावर कोणाला फोन करायचा हा प्रश्नच उरत नाही.

पण ही गावं आमच्या सड्याला जशीच्या तशी लागू होत नाहीत, हेही दिसतं. त्यांच्याकडे माणसं होती आणि मालकी नव्हती. ती मिळाल्यावर चित्र बदललं. आमच्याकडे मालकी पिढ्यान् पिढ्या कागदावर आहे, माणसं नाहीत. ग्रामसभा भरवायला गाव लागतो.

तरीही आगीनंतरच्या दिवसांत तो गाव कुठून तरी थोडा परत येतो. त्या दुपारच्या आगीत काकीच्या शेजाऱ्याची कलमं होरपळली. तलाठी आले, कृषी सहायक आले, झाडं मोजली गेली. सल्ला द्यायला प्रत्येक जण होता, आणि बहुतेकांचा सल्ला तोडून टाका असा. वाडीतल्या एका म्हाताऱ्याने मात्र थांबायला सांगितलं. होरपळलेलं झाड मेलं की जगलं हे पाऊस पडल्याशिवाय ठरवायचं नाही, म्हणाला. नखाने साल खरवडायची. आत हिरवं दिसलं तर जीव आहे. जळकी फांदी कापून तिथे मोरचूद-चुन्याची पेस्ट लावायची, उघड्या पडलेल्या खोडाला उन्हापासून जपायला चुना फासायचा. चैत्रात विहिरींनी तळ गाठलेला असताना प्रत्येक घराने थोडी थोडी झाडं वाटून घेतली आणि पाणी घातलं. पूर्वी शेतीची कामं वारंगुळ्याने व्हायची, आज तुझ्या शेतात, उद्या माझ्या. त्याची सवय हाडांत कुठेतरी शिल्लक असावी. काही कलमं गेलीच. काही मृगानंतर अशा ठिकाणी फुटली की जिथे फूट येईल असं कोणालाही वाटलं नव्हतं.

सडाही हिरवा झाला, आणि तो आधी हिरवा झाला. वाळक्या गवताचं पांघरूण नसल्याने जळलेल्या जागेतली कोवळी पाती लवकर दिसतात. ‘बघा, जाळल्यावर कसं जोरात येतं!’ म्हणणाऱ्यांना तेवढा पुरावा पुरतो. पहिल्या मोठ्या सरीबरोबर व्हाळातून जे काळं पाणी वाहून गेलं, त्यात राखेबरोबर माती किती होती हे कोण बघणार? कातळावरची ती बोटभर माती व्हायला किती काळ लागला असेल याचा विचार करून मला गरगरतं.

झाडांपेक्षा माणसांना फूट यायला वेळ लागला. पंचनाम्यात कारण अज्ञात होतं, पण वाडीत प्रत्येकाच्या मनात एक नाव होतं, आणि सगळ्यांच्या मनात ते एकच. त्या घराने त्या सकाळी बांधावरचा पातेरा पेटवला होता म्हणे. कोणी तोंडावर काही बोललं नाही. फक्त त्यांच्याकडचं नारळाचं आमंत्रण कोणी घेईना, वाटेवर भेटलं तरी माणसं मोबाइलमध्ये बघत पुढे जायची. मदतकार्याच्या कुठल्याही अहवालात ही ओळ येत नाही. माझ्या मते वणव्याचं सगळ्यांत लांबलेलं नुकसान हेच. पुढच्या शिमग्याला देवळापुढे गाऱ्हाणं घालताना गावकाराने नेहमीच्या मागण्यांत आगीपासून डोंगर राखण्याची मागणी घातली, आणि चूक कोणाकडून झाली असेल तर ती पदरात घे, असंही म्हणाला. सगळ्यांनी ‘व्हय म्हाराजा’ म्हटलं. त्या घरातल्यांनीही म्हटलं, जरा मोठ्यानेच. मी तिथे होते. नंतर प्रसाद वाटताना त्या घरच्या बाईने काकीच्या हातात खोबऱ्याचा तुकडा ठेवला आणि काकीने तो खाल्ला. एवढंच.

त्याच रात्री, देवळाच्या पायऱ्यांवर, गवताचा विषय निघाला. सगळ्यांना मान्य होतं की बागांच्या हद्दींवर दहा-पंधरा फुटांचा पट्टा कापून मोकळा ठेवला तर आग तिथे अडेल, निदान अडवता येईल. अडचण निघाली ती पंचांगाची. चाकरमानी गावी येतो गणपतीला आणि शिमग्याला. गणपतीत गवत हिरवंगार, कापून काही उपयोग नाही, पुन्हा वाढतं. शिमग्याला ते कापायला उशीर झालेला असतो. कापायचं ते दिवाळीनंतर, आणि तेव्हा मुंबईत शाळा, ऑफिसं, परीक्षा. कोणीतरी म्हणालं, पैसे जमवून मजूर लावू. मजूर कुठून आणणार, यावर कोणाकडेच उत्तर नव्हतं. कोणी ग्रासकटर विकत घ्यायची सूचना केली. तो कोणाच्या घरी ठेवायचा यावर पाच मिनिटांत दोन तट पडले.

“जत्रेक येतास मा?” मागून काकीचा आवाज आला. “मग दोन दिवस आधी येवा.”

आमची जत्रा मार्गशीर्षात. दशावताराची रात्र चुकवायला कोणी तयार नसतं, त्यामुळे गणपती-शिमग्याखालोखाल माणसं येतात ती तेव्हाच, आणि गवत तेव्हा नेमकं कापायला झालेलं असतं. इतकी साधी गोष्ट इतक्या शिकलेल्या माणसांना सुचली नव्हती, म्हणून थोडा वेळ कोणी काही बोललं नाही. मग एकाने जेवणाचं काय म्हणून विचारलं.

“भात मी घालतंय. मासे तुमी आणा,” काकी म्हणाली.

मासे कोणी आणायचे यावर ग्रुपवर दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत चर्चा चालली. बांगडे की सुरमई, इथपर्यंत ती गेली. तिच्याखाली कोणीतरी गवत कापायला येणाऱ्यांच्या नावांची यादी टाकली होती. संध्याकाळपर्यंत तिघांनी आपली नावं काढून घेतली, एकाने भावाचं परस्पर घातलं, आणि त्या घरातल्या मुलाने, ज्यांच्याशी वर्षभर कोणी बोललं नव्हतं, पेट्रोलचा खर्च आपला म्हणून लिहिलं. त्याच्या संदेशाला पहिला अंगठा काकीच्या शेजाऱ्याचा होता.